खारट झालेल्या विहिरीची वाटणी

अल्लाचे नाव घेऊन मी, मैमुनाबी, मयत हमदुल्ला सरखोत यांची बायको, मूळ राहणार बाणकोट, जिल्हा रत्नागिरी, सध्या मुक्काम फुजैरा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. गुडघे गेले आहेत, अक्कल शाबूत आहे. कोणी धाक घातलेला नाही आणि घातला असता तरी मी ऐकले नसते, हे साक्षीदार सांगतील.

एक. जमीन माझी नाही. हमदुल्ला गलबतावर तांडेल होते. तापाने फणफणून इथे उतरले आणि खजुराच्या बागेच्या अरब मालकाने त्यांना समुद्राकडची पट्टी कसायला दिली, नुसत्या तोंडच्या शब्दावर. मागून मी पदराला माठाचे आणि शिराळ्याचे बी बांधून आले. विहीर आम्ही दोघांनी खोदली. मालक भला आहे, पण त्याचा शब्द मला कोणाच्या नावे करता येत नाही. म्हणून जमिनीबद्दल काही लिहीत नाही.

दोन. भांडीकुंडी, ट्रंक आणि कानातले शरियतप्रमाणे मुलगा अजीज यास मिळतील. तो दुबईत नोकरीला आहे. दर ईदला येऊन म्हणतो, "अम्मा, आता खलास कर. दुबईला चल, इथे कोण राहिलंय?" त्याचे चुकत नाही. पण एके काळी गावाहून आलेला प्रत्येक कोकणी माणूस आमच्या विहिरीवर आंघोळ करून, आमच्या ओट्यावर भाकरी खाऊन मगच कामाच्या शोधात निघत असे. निकाह आमच्या अंगणात झाले, भांडणेही तिथेच मिटली. अजीज त्याच चुलीच्या धुरात वाढला.

तीन. मयत बाईला आंघोळ घालायची फणसाची फळी. ही आम्ही गावाहून आणवली होती. तिच्यावर पहिली निजली ती माझ्या दिराची, जमालची, बायको शहरबानू. बाळंतपणात गेली. मी पाणी ओढत होते आणि हमदुल्ला तिची तान्ही कुबरा घेऊन उभे होते. तेव्हा पाणी शहाळ्यासारखे गोड होते. कुबराला मीच वाढवली. शरियतप्रमाणे वारसाला मृत्युपत्राने वेगळे काही देता येत नाही; ती माझी वारस नाही, म्हणून फळी तिला देता येते. मयत बाई कोणत्याही गावची असो, कुबराने नाही म्हणू नये.

चार. जमालबद्दल माझी तक्रार आहे आणि ती कुठे करावी हे मला कळत नाही. दोर ओढून माझे हात सोलवटतात, हे त्याला बघवेना. म्हणून त्याने डोंगराकडच्या आपल्या विहिरीवर इंजिन बसवले आणि मलाही पाट काढून दिला. आम्ही कोकणातली माणसे. विहीर उपसली की पावसाळ्यात भरते, एवढेच आम्हाला ठाऊक. इथे पाऊस कुठला? पुढे पाटात पाणी उरेना; गोडे पाणी त्याच्या टोमॅटोंना गेले आणि माझ्या विहिरीत खालून समुद्र आला. माठाची पाने कडेने करपली. मी सांगायला गेले, तर म्हणाला, "भाभी, मशीन बंद केली तर माझा सगळा माल खलास. चालू ठेवली तर तुमचं पाणी. मी काय करू, बोला ना." मी उठून घरी आले. त्या टोमॅटोंवर कुबराचे लग्न व्हायचे होते.

आता रोज सकाळी तो मान खाली घालून गोड्या पाण्याचे दोन डबे आणून ठेवतो. रागवायचे म्हटले तर तोंडात त्याचेच पाणी असते. त्याला माफ केले असे लिही, असे साक्षीला बसलेला दुकानदार यूनुस म्हणतो. लिहिते, पण अजून तसे वाटत नाही.

पाच. दोर, रहाट आणि पोहरा माझे आहेत. ते काढू नयेत. कोणी नवखा आला तर पाणी खारट आहे हे सांगून त्याला हातपाय धुऊ द्यावेत.

सहा. मला कुबराने त्याच फळीवर, आमच्याच विहिरीच्या पाण्याने आंघोळ घालावी. समुद्राचे पाणीही पाक असते, मी मौलवींना विचारून घेतले आहे. जमाल त्या दिवशीही डबे घेऊन येईल. त्याला परत पाठवू नये. ते पाणी माठाच्या वाफ्यात ओतावे. थोडे बी मी टाकून ठेवले आहे.

दुसरा साक्षीदार शोधला, पण सगळे दुबईला गेले. म्हणून जमाललाच बोलावले आहे.

मुक्काम फुजैरा, तारीख १२ मे १९६८.

सही: मैमुनाबी हमदुल्ला सरखोत

साक्षीदार:
यूनुस, दुकानदार, फुजैरा.
जमाल सरखोत, हमदुल्लाचा धाकटा भाऊ. चौथे कलम वाचले. खरे आहे.