यांची इंग्रजीची वही

३ मार्च, सोमवार

यांना इंग्रजी शिकायचंय! बासष्टाव्या वर्षी! चौतीस वर्षं मी शाळेत इंग्रजी शिकवलं, तेव्हा म्हणायचे, शिलाई मशीनला कुठली भाषा कळते? आणि आज ताटाकडे बघत — रोज एखादा शब्दप्रयोग शिकव. कशाला, विचारलं. तर म्हणे, डोकं गंजू नये म्हणून.

अटी घातल्या. सकाळी सात ते साडेसात. दोनशे पानी वही. डावीकडे शब्द आणि अर्थ, उजवीकडे स्वतः केलेलं वाक्य. आणि वाक्य खरं हवं. मांजर चटईवर बसलं आहे, असलं चालणार नाही. आपल्याकडे मांजर नाही. वर्गातही माझा हाच नियम होता. खोट्या वाक्यातला शब्द परीक्षेनंतर टिकत नाही.

५ मार्च, बुधवार

'युज्ड टू' — पूर्वी असायचं, आता नाही. यांचं वाक्य: आय युज्ड टू हॅव हेअर. बरोबर. त्यांच्यासमोर हसले नाही.

९ मार्च, रविवार

'पुट अप विथ' — सहन करणं, चालवून घेणं. यांनी लिहिलं, माझी बायको कशालाच पुट अप विथ करत नाही. वर विचारतात, खरं आहे ना, बाई? हल्ली मला बाई म्हणतात, वर्गातल्या पोरांसारखं. टिक करावी लागली.

वहीवर जागोजागी मशीनच्या तेलाचे अंगठे. हात धुऊन बसा म्हटलं, तर धुतलेलेच आहेत म्हणतात. शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान चाळीस वर्षं चालवतायत, तेल आता कातडीतच मुरलंय. अभ्यास मात्र चोख. हे कबूल करायला हवं.

१३ मार्च, गुरुवार

'लुक फॉरवर्ड टू' — एखाद्या गोष्टीची आनंदानं वाट पाहणं. वाक्य: आय लुक फॉरवर्ड टू थर्सडे.

गुरुवारी दुकान एक वाजता बंद होतं, तरी यांना घरी यायला चार होतात. काय असतं गुरुवारी, विचारलं. म्हणाले, वाक्य खरं आहे, टिक करा. केली. दिवसभर ते डोक्यातून गेलं नाही.

१५ मार्च, शनिवार

आज शब्द यांनीच मागितला. दुसऱ्याच्या वतीनं, हे इंग्रजीत कसं म्हणायचं? 'ऑन बिहाफ ऑफ' सांगितलं. आभाराच्या भाषणात असतं ते, तुम्हाला कशाला? चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "वाक्य शुक्रवारी देतो. अजून खरं झालेलं नाही."

२१ मार्च, शुक्रवार

वही टेबलावर उघडी ठेवून हे अंघोळीला गेले. वाक्य असं — काल मी माझ्या बायकोच्या वतीनं जावयाची माफी मागितली. इंग्रजीत. एकही चूक नाही.

इथे तरी लिहून टाकते. पाच वर्षांपूर्वी लेकीनं तिकडे परदेशात लग्न केलं, आम्हाला नंतर कळवलं. जावयानं मला पत्र लिहिलं. चार पानं, हातानं. इंग्रजी त्याचीही मातृभाषा नव्हे. मी ते लाल शाईनं तपासलं आणि परत पाठवलं. एकोणतीस चुका. तेव्हापासून लेकीचा मला फोन नाही. मीही केला नाही. पत्रात एके ठिकाणी होतं, मला आई नाही, तुम्ही असाल तर बरं वाटेल. तिथं मी क्रियापदाचा काळ सुधारला होता.

हे डोकं पुसत बाहेर आले. कधीपासून बोलताय, विचारलं. वर्ष झालं, म्हणाले. दर गुरुवारी, दुकानातून. आधी लेक मध्ये बसून दोघांना समजावून सांगायची. पण माफी मागायची तर ती तिच्या तोंडून नको, असं यांना वाटलं. म्हणून शिकले.

"काय म्हणाला तो?"

"त्यानं विचारलं, बाईंनी सांगायला सांगितलंय का?"

"मग?"

"मग काय. खरं वाक्य सुचेना."

वतीनं म्हणजे संमतीनं. मी संमती दिलेली नव्हती. म्हणजे वाक्य खोटं. टिक केली नाही.

२२ मार्च, शनिवार

वर्ग झाला नाही.

२५ मार्च, मंगळवार

सात वाजता हे वही घेऊन येऊन बसले. नवीन शब्द देता आला नाही. मी बरोबर होते हे सकाळभर स्वतःला पटवत होते. पत्रात चुका होत्या, दाखवल्या. बारापर्यंत पटलं नाही.

२७ मार्च, गुरुवार

एक वाजता मी दुकानात गेले. यांनी काही न विचारता स्टूल पुढे सरकवलं, नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला. जावयानं उचलला. हॅलो म्हणाला — आणि माझं चौतीस वर्षांचं इंग्रजी कुठे गेलं कोण जाणे. तो पुन्हा हॅलो म्हणाला. तेव्हा हे वाकून फोनपाशी आले आणि सावकाश, एकेक शब्द सोडवत म्हणाले, "माय वाइफ इज हिअर. प्लीज वेट. शी इज लर्निंग."

तो थांबला.