आजी पाडल्या गेल्या

प्रिय धाकट्या,

फोनवर तू मला बोलूच दिलं नाहीस, म्हणून लिहिते. आईच्या मांडीचं हाड मोडलं, त्याचं दुःख मलाही तुझ्याइतकंच आहे. पण तिला सांभाळणाऱ्या मावशींवर तू पोलिसांत तक्रार केलीस, ती कशाच्या जोरावर? एका वाक्याच्या! न्हाणीघराच्या दारात तुला पाहून त्या रडत म्हणाल्या, "आजी पाडल्या गेल्या." तू दरडावून विचारलंस, "कुणी पाडलं?" त्या घाबरून गप्प बसल्या, आणि तुझ्या लेखी गुन्हा कबूल झाला. वा रे न्याय!

अरे, मावशींना आपली भाषा शिकायला लागून जेमतेम आठ महिने झालेत. माझ्याच वर्गात पहिल्या बाकावर बसतात. कप फुटला म्हणायचं तिथे कप फोडला गेला, तसंच फूल सुकवलं गेलं, बर्फ वितळवला गेला, असलं त्यांचं किती वेळा खोडलंय मी. मात्र आजी हसल्या, आजी चालल्या, आजी ओरडल्या, हे कधीच चुकत नाही. हसणं, चालणं माणूस स्वतः करतो. पडणं, फुटणं, सुकणं नुसतं वाट्याला येतं. ज्याच्यावर बेतलं त्यालाच कर्ता कसं करायचं, हे त्यांच्या जिभेला पटत नाही, म्हणून त्या 'पड'चं 'पाड' करतात आणि मागे एक 'गेलं' चिकटवतात. बावीस वर्षं परभाषिकांना शिकवतेय मी. नाना भाषांची माणसं हीच चूक करतात, आणि ती विचार करणारी माणसं असतात. तू मात्र साप साप म्हणून भुई धोपटतोयस!

आईनं स्वतः सांगितलं, "पाय घसरला माझा. ती तर धावत आली." त्यावर तू म्हणालास, औषधाच्या गुंगीत बरळतेय. मावशींचं व्याकरण चुकलं म्हणून त्या गुन्हेगार, आईचं अगदी बिनचूक तरी ती भ्रमिष्ट! मग तू ऐकणार तरी कुणाचं?

काल मावशी माझ्याकडे आल्या होत्या. "मी काय म्हणायला हवं होतं?" एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "आजी पडल्या." त्यांनी ते दहा वेळा घोकलं, आणि मग पदर तोंडाला लावला. मला माझीच लाज वाटली.

परवा पोलीस ठाण्यात त्यांच्या बाजूनं मी जबाब देणार आहे, तुझ्याविरुद्ध. हे तुला तिसऱ्याकडून कळू नये, म्हणून हा कागद. त्याआधी तक्रार मागे घेतलीस तर मी घरी येईन. नाही घेतलीस तरी येईन, पण मावशींना घेऊन. आईनं बोलावलंय त्यांना.

रागावलेली तरी तुझीच,
ताई