भिंती न फोडता

बेहाला,
शुक्रवार, २९ ऑगस्ट

प्रिय दादा,

सॉल्ट लेक इथून दोन बस आणि एका ऑटोच्या अंतरावर आहे, आणि तरी मी तुला पत्र लिहितो आहे, याचं तुला हसू येईल. फोनवर तू 'मुद्द्याचं बोल' म्हणतोस आणि मुद्दा माझ्या तोंडून निघेपर्यंत तुझी मीटिंग सुरू झालेली असते. समोर बसलो तर तुझं बोलणं मला पटत जातं, आणि घरी परत आल्यावर लक्षात येतं की ते मला पटलं नव्हतं. कागदावर मला मध्येच कुणी तोडत नाही. हा तिसरा कागद आहे. आधीचे दोन फाडले, कारण त्यांत राग फार होता आणि खाडाखोडही. विषय आपल्या घराचा आहे, आईच्या घराचा. पण सुरुवात मला अलार्मपासून करावी लागेल, कारण माझ्यापुरतं सगळं तिथून सुरू झालं.

फेब्रुवारीत शेजारी पालबाबूंकडे चोरी झाली ते तुला आठवत असेल. भर दुपारी, सगळे बारासातला लग्नाला गेलेले असताना. मागच्या दाराची कडी उचकटून आत शिरले आणि जाताना फ्रिजमधला रसगुल्ल्यांचा डबासुद्धा घेऊन गेले. काकीमांना दागिन्यांपेक्षा त्या डब्याचं जास्त लागलं. मेल्यांनी माझ्या घरात बसून गोड खाल्लं, असं त्या आठवडाभर गल्लीत सांगत होत्या. आई ते ऐकून हसायची, पण त्या दिवसापासून दुपारी मागच्या दाराला पाण्याने भरलेली बादली टेकवून झोपायला लागली. तेव्हा तूच फोन केलास. म्हणालास, अख्ख्या कलकत्त्याच्या दारांना घंटा बांधत फिरतोस आणि आपली आई बादलीच्या भरवशावर झोपते, शोभतं का? मला ते टोचलं आणि बरंही वाटलं. घरातलं एखादं काम तू माझ्यावर सोपवलंस, असं पहिल्यांदाच होत होतं.

मी चार संध्याकाळी बसून घराचा नकाशा काढला. तीन दारं, सात खिडक्या, वरच्या खोलीचा जिना. मला वायरचीच सिस्टीम बसवायची होती आणि का ते मी तुला नीट लिहून पाठवलं होतं, तू ते वाचलंस की नाही कोण जाणे. वायर एकदा भिंतीत गेली की पंधरा वर्षं काही मागत नाही. बॅटरी एकच, मुख्य पेटीत. बिनतारी सेन्सर दिसायला देखणे, पण प्रत्येकाच्या पोटात वेगळी बॅटरी, प्रत्येकाची वेगळी काळजी. आपल्या जाड विटांच्या भिंतींतून सिग्नल जाताना दमतो. आणि आपल्याकडची ओल तर तुला माहीतच आहे, जूनपासून भिंतीला कपाळासारखा घाम येतो. चार दिवस खोदकाम, दोन दिवस प्लास्टर, एक दिवस रंग, असं मी दिवसांसकट ठरवलं होतं. आई तेवढे दिवस वरच्या खोलीत राहायला तयार होती. नाहीतरी धूळ मला नवीन नाही, तुझे बाबा घर बांधत होते तेव्हा मी सिमेंटच्या पोत्यांवर बसून भाजी निवडली आहे, असं म्हणाली.

तू मात्र नाही म्हणालास. बिनतारीच लाव म्हणालास. मी भिंतींचा, ओलीचा मुद्दा काढला तेव्हा तुझा आवाज एकदम हळू झाला. बाबांनी इतक्या कष्टाने उभ्या केलेल्या भिंती कशाला फोडतोस रे, असं म्हणालास. स्क्रूसाठी भोकंसुद्धा पाडू नकोस, चिकटपट्टीवर बसव. खरं सांगतो, दादा, मला भरून आलं. बाबा गेल्यापासून तू त्यांच्याबद्दल एक शब्द बोलला नव्हतास. मला वाटलं, तुझ्या मनात आहे, फक्त माझ्यासारखं बाहेर येत नाही. त्या एका वाक्यावर मी माझा नकाशा गुंडाळून ठेवला आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी बिनतारी सिस्टीम बसवली. तूही त्या दिवशी आला होतास, वहिनी आणि अर्णवला घेऊन. अर्णव शिडी धरून उभा होता आणि प्रत्येक सेन्सरला मराठीत 'हा काय करते' असं विचारत होता. तू आतल्या खोलीत आईशी बोलत बसला होतास. दार लोटलेलं होतं. आमच्या खडखडाटाचा त्रास होतो म्हणून लोटलं असेल, असं मला वाटलं.

पावसाळ्यात व्हायचं तेच झालं. मागच्या दाराचा सेन्सर दोनदा सुटून पडला, एकदा थेट आईच्या तांदळाच्या पिठाच्या डब्यात. स्वयंपाकघरातला मध्येच गप्प बसायचा. मी दर पंधरा दिवसांनी पट्टी बदलत राहिलो आणि स्क्रू मारला नाही, कारण तुला शब्द दिला होता. आई तर त्या अलार्मवर खूश होती. दार उघडलं की सलीलला तिकडे मोबाइलवर कळतं, असं ती पालकाकीमांना कौतुकाने सांगायची. जणू तू दिवसातून दहा वेळा तिच्याकडे बघून जातोस.

या पाच महिन्यांत आणखी काही गोष्टी झाल्या, त्या मी पाहिल्या पण जोडल्या नाहीत. आईने मोठं पातेलं आणि परात मोलकरणीला देऊन टाकली. या वर्षी लोणचं घातलं नाही. गच्चीवरच्या कुंड्या एकेक करून गल्लीत वाटल्या. मी विचारलं की म्हणायची, आता इतकं कशाला लागतं रे आपल्याला. मला वाटलं, वय झालं. एकदा जेवताना तिने मला विचारलं, लिफ्टमध्ये तुला अजून गुदमरतं का रे? मी म्हटलं, थोडं. तिने माझ्या पानात आणखी भात वाढला.

तुला आठवतं, बारावीला मी दुसऱ्यांदा नापास झालो तेव्हा बाबा माझ्याशी महिनाभर बोलले नव्हते. गणिताच्या मास्तरांचा मुलगा, आणि गणितातच. तेव्हा तूच मला हाताला धरून एस्प्लनेडच्या त्या गल्लीत नेलंस, अलार्मच्या दुकानाच्या मालकांना म्हणालास की हा हुशार नाही पण याच्या हातून चूक होत नाही. ते वाक्य मी आजवर प्रमाणपत्रासारखं जपून ठेवलं आहे. म्हणून आता जे लिहितो ते लिहिताना मला त्रास होतो आहे.

नवीन गिऱ्हाईक आलं की मी पहिला प्रश्न एकच विचारतो. जागा स्वतःची की भाड्याची, आणि इथे किती वर्षं राहणार? वर्ष-दोन वर्षांत हलायचं असेल तर बिनतारी घ्या, उद्या काढून पेटीत भरून नेता येते. कायमचं राहायचं असेल तर वायर. बाकी सगळी चर्चा या उत्तरानंतर. सहा वर्षांत हा प्रश्न मी विचारला नाही असं एकच गिऱ्हाईक झालं, ते तू. आपल्याच घराबद्दल सख्ख्या भावाला कोण विचारतं, की इथे किती दिवस राहायचं आहे?

मंगळवारी मालकांनी मला ट्राम डेपोजवळ एका प्रमोटरच्या ऑफिसात पाठवलं. जुनी घरं पाडून तिथे चार मजले चढवणारा, गल्लोगल्ली एक असतो तसला. माणूस वाईट नव्हता. मी वही काढून माझा नेहमीचा प्रश्न विचारला. ते म्हणाले, बिनतारीच द्या भाई, दुर्गापूजेपर्यंतच इथे आहोत, मग ऑफिस पुढच्या साइटवर जाणार. कुठली साइट, म्हणून मी सहज विचारलं, तिथली मापंही लागतील म्हणून. ते म्हणाले, "ओइ तो, माराठी बाडी."

चाळीस वर्षं आपल्या घराला गल्लीत याच नावाने ओळखतात. माझं बंगाली ऐकून मी त्याच घरातला आहे असं त्यांच्या मनातही आलं नाही. ते मोकळेपणाने बोलत राहिले. म्हातारी आई आणि धाकटा मुलगा राहतात. आईची सही मार्चमध्येच झाली. थोरला फार शिकलेला, समजूतदार, सगळं त्यानेच जमवलं. धाकटा जरा तसाच आहे, फारसा शिकलेला नाही, त्याची सही थोरला एका दिवसात आणून देईल. एवढं सांगून त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. मी तो प्यायलो, दादा. सहा सेन्सर बसवले, प्रत्येकाची दोनदा चाचणी घेतली, काम झाल्याच्या कागदावर त्यांची सही घेतली, आणि बाहेर येऊन बसस्टॉपवर उभा राहिलो. तीन बस गेल्या, मी चढलो नाही. ज्या भिंती पडायच्याच होत्या, त्यांना भोक पाडू नकोस असं तू मला इतक्या हळव्या आवाजात कसं म्हणू शकलास, एवढंच डोक्यात फिरत होतं.

घरी आलो तेव्हा आई मसूर निवडत बसली होती. मी विचारलं, आई, तू कुठल्या कागदावर सही केलीस? तिने ताट खाली ठेवलं आणि म्हणाली, म्हणजे तूच विषय काढलास, बरं झालं. सलीलने मला बजावलं होतं की परागने केव्हाच होकार दिला आहे, पण त्याला बाबांच्या घराचं फार वाईट वाटतं, तू त्याच्यापाशी काही बोलू नकोस, त्याला आणखी त्रास होईल. म्हणून मी गप्प राहिले रे. मग माझा हात धरून तिने विचारलं, तुला खरंच चालेल ना? तू हो म्हणालास म्हणूनच मी सही केली. नाहीतर माझं काय, मी इथेच मेले असते तरी चाललं असतं.

माझ्याकडे उत्तराला एका श्वासाएवढा वेळ होता. नाही म्हटलं असतं तर तिला कळलं असतं की तिच्या थोरल्या मुलाने तिला फसवलं, तेही माझं नाव घेऊन. मी म्हटलं, हो आई, मला माहीत होतं. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि पुन्हा मसूर निवडायला घेतला. तिने माझ्यासाठी सही केली. तू कागद घेऊन आला असतास आणि आईची सही दाखवली असतीस, तर मी तिच्यासाठी केली असती. हे तू ओळखून होतास. दोघांपैकी कुणालाही घर सोडायचं नव्हतं, आणि तू आम्हाला एकमेकांच्या हाताने बाहेर काढत होतास. घर जुनं झालं आहे, ओल वाढते आहे, आई जिन्यात धापा टाकते, हे सगळं खरं आहे. हे मला समोर बसून सांगितलं असतंस तर मी भांडलो असतो, रडलो असतो, आणि कदाचित मानलंही असतं. तू मला तेवढंही विचारण्याजोगा समजला नाहीस.

हे पत्र उद्या सकाळी सेक्टर फाइव्हच्या कामाला जाताना तुझ्या गेटवर देईन, म्हणजे तुला पूर्ण एक दिवस मिळेल. रविवारी ये. एकटा ये. मी अकरा वाजता बाजारात जाईन आणि मुद्दाम तासभर लावीन. तेवढ्या वेळात आईला तुझ्या तोंडाने सांग की परागला काहीच माहीत नव्हतं. बाकी काही सांगू नकोस, कारणं देऊ नकोस, फक्त एवढं सांग आणि मग तिला पुन्हा विचार. त्यानंतर ती जाऊ म्हणाली तर मी जिथे म्हणशील तिथे सही करीन, एक शब्द बोलणार नाही. राहू म्हणाली तर प्रमोटरला काय सांगायचं ते तू बघ. तू आला नाहीस, तर मला तिच्याशी दुसरं खोटं बोलावं लागेल, आणि ते मला येणार नाही. मंगळवारचं पहिलं खोटं मी तुला वाचवायला बोललो, दादा. ते रविवारी दुपारपर्यंतच टिकेल.

अजून तरी तुझाच,
पराग