मोठे टायर काढायला

रीमा बाय,

पिकअप घेऊन भाईंदर पश्चिमेला गॅरेजला जातोय. बंदरावर भरतीचं पाणी चढतं म्हणून माझ्या प्रीतमने गाडी उंच करून मोठे टायर लावले होते. ते काढून जुने बसवणार हाय. त्याच्या वर्षश्राद्धापर्यंत थांबा म्हणालीस, थांबलो. म्हावरा तेवढाच, रस्ता तोच, पण त्या जड टायरांपायी गाडी पहिल्यापेक्षा जास्त डिझेल पिते.

डिझेलचं एक वेळ सोसलं असतं. पण मासळीच्या पाट्या चढवताना गाडीच्या हौद्यापर्यंत बायकांचे हात पोचत न्हाय. तो होता तेव्हा वर उभा राहून त्यांच्या डोक्यावरची पाटी अलगद उचलून घ्यायचा, म्हणून उंची कुणाला जाणवली न्हाय. काल तुझ्या सासूच्या हातून पाटी निसटली. सगळे बोंबील चिखलात. ती एकेक वेचत बसली.

भाकरी बरोबर घेतलीय, जेवायला थांबू नको.

आणि एक. त्या टायरांची घरघर नाक्यापासून ऐकू येते. गाडी मी चालवत असलो तरी तू अजून दार उघडायला धावतेस. संध्याकाळी तो आवाज येणार न्हाय. मी दारातून हाक मारीन.

— बाबा