आज एकही कार्ड नाही

३ मार्च, सकाळ
आजपासून अभ्यास. खात्याची परीक्षा २७ एप्रिलला. पास झालो की हेड ऑफिसला बदली, म्हणजेच घरी. बायको आणि लेक तिकडे, मी तीन वर्षं इकडे भाड्याच्या खोलीत. शनिवारी जायचं, रविवारी परत. यंदा हे संपवायचंच!
पाणीपुरवठ्याच्या नियमांची ६१२ कार्डं लॅपटॉपवर तयार आहेत. पुढे प्रश्न, मागे उत्तर. कोणतं कार्ड पुन्हा कधी दाखवायचं ते सॉफ्टवेअर ठरवतं. अडलं तर उद्याच, सोपं गेलं तर महिन्याने. फुकट आहे, कोडही सगळ्यांना खुला. कुणीही सुधारावा.

५ मार्च
वीस कार्डं पाहिली. सतरा चुकली. दोष माझा नाही, ‘सोपं’ हे बटण फारच कोपऱ्यात आहे.

६ मार्च
बटण मधोमध आणलं. चार तास. कार्डं शून्य. पण आधी पाया पक्का नको का?

११ मार्च
मूळ दुखणं सापडलं. सॉफ्टवेअरचा माणसावर विश्वासच नाही. हुशार माणसालाही तीच ती कार्डं! कार्ड पुन्हा कधी दाखवायचं याचं नवं सूत्र लिहायला घेतलंय. कॉलेजात कोडिंग केलेलं, हात बसलेला आहे.

१७ मार्च
हात तितकासा बसलेला नाही. कोडमध्ये सुटलेला एक कंस शोधण्यात पाच दिवस.

२३ मार्च, रविवार
घरी गेलो नाही, काम रंगात आलंय. बायकोने फोनवर विचारलं, अभ्यास कुठवर आला. म्हटलं, अभ्यासाचं यंत्रच सुधारतोय. ती म्हणाली, अहो, परीक्षेला यंत्र बसणार आहे का? तिला दूरदृष्टी कमी. मग लेकीने फोन ओढून घेतला, बाबा कायमचा कधी येणार म्हणून. मेमध्ये, असं छातीठोक सांगितलं.

२९ मार्च
चाचणी. सूत्र वर्षभर टिकतं का पाहायला वर्षभर कोण थांबणार? लॅपटॉपचं घड्याळ सरळ एक वर्ष पुढे केलं आणि ६१२ कार्डांवर धडाधड ‘सोपं’ दाबलं. कुठेही अडकलं नाही! नंतर घड्याळ आठवणीने जागेवर आणलं. शिस्त म्हणजे शिस्त.

३० मार्च
कमाल! पडद्यावर आलं, ‘शाबास! आज एकही कार्ड नाही.’

२ एप्रिल
एकही नाही.

९ एप्रिल
एकही नाही. शेजारच्या टेबलावरचे तात्याही परीक्षेला आहेत. पेन्सिलने खुणा करत नियमांचं तेच पुस्तक तिसऱ्यांदा वाचतायत बिचारे. कीव आली. त्यांना सूत्र देऊ केलं, तर म्हणाले, नको बाबा, माझं डोकं जुनं आहे.

१४ एप्रिल
सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या बाईंना सूत्र पाठवलं. कुठल्या देशातल्या आहेत कोण जाणे, पण फार सभ्य. त्यांनी पुरावा मागितला. कळवलं, निकालच पाठवतो.

२६ एप्रिल
बायको म्हणाली, एकदा तरी पुस्तक चाळा. उघडलं. पहिल्याच पानावर अनोळखी नियम. आवृत्ती बदललेली दिसते. मिटलं.

२७ एप्रिल, दुपार
पेपर झाला. नियमांचे चेहरे ओळखीचे होते, पुढचं काही आठवेना. तपासणारा उदार असेल तर काम होईल.

१२ मे
शंभरात एकोणतीस. तात्यांना ऐंशी, ते हेड ऑफिसला चालले. बाईंना माझी सगळी नोंद पाठवून विचारलंय, सूत्रात बग कुठे आहे.

१३ मे
बाईंचं उत्तर आलं. बग नाही म्हणे. घड्याळ पुढे असताना बटणं दाबलीत, म्हणून ‘सोपं’चा महिना धरून सगळी कार्डं पुढच्या वर्षी २९ एप्रिलला येतील. ‘आज एकही कार्ड नाही’ म्हणजे सगळं येतं असं नव्हे, आज कुणाची पाळी नाही, एवढंच.
सूत्र नाकारलं. मात्र मदतपुस्तिकेत एक वाक्य घातलंय, खाली माझं नाव आणि आभार: ‘चाचणीसाठी घड्याळ पुढे करू नये.’ जगभर वाचतील!
लगेच घरी फोन केला, माझं योगदान स्वीकारलं म्हणून.  बायको म्हणाली, छान झालं हो, पण पोरीने तुमच्यासाठी कपाटातले दोन कप्पे रिकामे केलेत, तिला काय सांगू?