तपासणीआधीची साफसफाई

दि. २ मार्च

ती. दादास,
धाकटीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुझ्या जुन्या कौलांच्या कारखान्यासाठी खेटे घालून माझ्या चपला झिजल्या, पण एकदाची वारसा समिती पाहायला येतेय, अठरा तारखेला. एक जण भट्टी आणि यंत्रं बघतील, एक बाई मातीच्या खाणीचा परिसर, तिथली झाडं आणि पक्षी. त्यांनी 'जपण्यासारखं आहे' असं लिहिलं तर कारखाना विकत घेतलेल्या बिल्डरला तेवढी जागा सोडावी लागेल. नाहीतर सगळं सपाट. निवृत्त झालास तरी किल्ली तुझ्याकडेच आहे, तेव्हा तूच फिरवून दाखव. बिल्डरच्या माणसाशी मात्र वाद घालू नकोस, तुझी जीभ मला माहीत आहे. वहिनीचा गुडघा कसा आहे?

लोभ आहेच, तो असाच राहू दे.
तुझी धाकटी

दि. १९ मार्च

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल तुझी समिती येऊन गेली. माझ्याकडून काही कमी पडलं नाही, हे आधीच सांगतो. चौदा दिवस राबलो. भट्टीवरचं शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडलं, भेगांतले नेचे उपटले. कौलं दाबायच्या यंत्राचा गंजून पार अवतार झाला होता, त्याला चंदेरी रंगाचे दोन हात मारले. दर उन्हाळ्यात येणाऱ्या पाकोळ्यांनी घरट्यांसाठी बिळं करून खाणीच्या कड्याची चाळण केली होती. त्या अजून आलेल्या नाहीत तोवर सगळी बिळं ओल्या मातीने बुजवून कडा गुळगुळीत केला. मोठे साहेब तपासणीला यायचे तेव्हा आम्ही असंच करायचो. तुझी वहिनी म्हणाली, घराची साधी कडी बसवायला तुम्हाला वर्ष लागतं.

पण माणसं विचित्र निघाली. यंत्रवाल्यांनी नखाने रंग खरवडला आणि कारखान्याच्या नावाची जुनी अक्षरं कुठे गेली म्हणून विचारलं. बाईंनी बिळांची चौकशी केली. मी अभिमानाने सांगितलं, एकशे बारा होती, एक शिल्लक ठेवलं नाही. त्यांनी वही मिटली. चहासुद्धा घेतला नाही. सगळं ठीक आहे ना?

वहिनीचा गुडघा बरा आहे. तुझी माया आहे तशी असू दे.
दादा

दि. २८ मार्च

ती. दादास,
नमस्कार.

अहवाल समोर आहे. यंत्र नव्याने रंगवलेलं, मूळ खुणा दिसत नाहीत. भट्टी खरवडलेली. कड्यात पक्ष्यांची वस्ती आढळली नाही. जपण्यासारखं काही नाही. दादा, मी दोन वर्षं राबले आणि तू चौदा दिवसांत त्यावर बोळा फिरवलास. तुला झाडलोट करायला कोणी सांगितलं होतं रे? ते शेवाळ, तो गंज, ती बिळं, तेच तर त्यांना दाखवायचं होतं.

दोन दिवस नुसती धुमसत होते. मग आठवलं, शाळेत तपासणी असली की तू माझ्या बुटांचे तळसुद्धा पुसायचास. कशाला हात लावू नकोस, एवढी एक ओळ मी लिहायला हवी होती. तुझ्यावर चिडले आहे आणि स्वतःवरही. हरकत घ्यायला पंधरा दिवस आहेत. काहीतरी लिहून पाठव.

राग उतरला की लोभ पूर्ववत होईलच.
धाकटी

दि. ६ एप्रिल

चि. धाकटीस,
रागावली असलीस तरी आशीर्वाद.

स्क्रू ड्रायव्हरने बिळं पुन्हा उकरतोय. साठ झाली. परवा पाकोळ्या आल्या. कड्यापर्यंत येतात आणि माघारी फिरतात, ते बघवत नाही. यंत्राचा रंग काढायला गेलो तर खालची अक्षरंही निघून येतात, म्हणून थांबलो. बिल्डरचा माणूस मात्र पाठ थोपटून गेला. म्हणाला, यंत्र इतकं झकास झालंय की इमारतीच्या फाटकाशी शोभेला ठेवू. तुझं ऐकून मी गप्प राहिलो. जन्मात एवढा गप्प बसलो नव्हतो.

हरकतीचा कागद सोबत आहे. बिळं मी बुजवली, रंग मी दिला, इथे जे होतं ते माझ्याच हाताने झाकलं गेलं, असं लिहून सही केली आहे. सगळ्या नोकरीत माझ्या नावावर एक चूक लागली नव्हती. ही पहिली, आणि ती मीच लिहून दिली. वहिनीने कागद दोनदा वाचला आणि पाकिटाला तिकीट स्वतः लावलं.

समिती पुन्हा यायची ठरली तर मला तारीख कळवू नकोस. तारीख कळली की माझे हात स्वस्थ बसणार नाहीत. काहीतरी निमित्त काढून पंधरा दिवस आधीच मला तुझ्याकडे बोलावून घे. किल्ली वहिनीकडे ठेवून येईन.

लोभ ठेव, हातांवर भरवसा ठेवू नकोस.
तुझा दादा