मशीन चालू असेपर्यंत

४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. आ.

आज सकाळपासून कानात आईच्या शिलाई मशीनचा आवाज घोळतोय. खट्-खट्-खट्, कापड वळवताना जरासा विसावा, पुन्हा खट्-खट्. शेजारच्या खोलीत आपण दोघं एका पांघरुणात, आणि माझ्या वाटचं निम्मं तू ओढून घेतलेलं. का आठवलं कोण जाणे. मन खट्टू झालं की मी तिकडेच पळतो, आणि आज ते तुझ्यामुळे खट्टू आहे.

तू म्हणालीस, जुन्या लाँड्रीच्या जागेत खोली चालवतेस. घर नसलेली पोरं दिवसा येतात, आंघोळ करतात, कपडे धुतात, फोन चार्ज करतात, गरम जेवतात. तर दादा, एखाद्या गुरुवारी येऊन शाळेतल्या कविता म्हण. मी आठवडाभर आरशासमोर तालीम केली. गुरुजींनी जिच्यासाठी माझी पाठ थोपटली होती, ती होडीवाल्याची कविता काढली. काल होडी नदीच्या मध्यावर पोचली आणि बघतो तर काय, सगळा श्रोतृवर्ग गाढ झोपलेला! एक जण बाकाखाली. एक जण घोरत होता, तोही माझ्याच चालीत. मी होडी तिथेच सोडली, टोपी उचलली आणि निघालो. जागी होती ती एकटी दाराशी बसलेली मुलगी, बुटांच्या नाड्या करकचून बांधलेली. संपतंय कधी, याची वाट पाहत असावी.

घरी सूनबाईने विचारलं, कसा झाला कार्यक्रम. मी वर्तमानपत्रात तोंड लपवलं. पुन्हा बोलावू नकोस. माया मात्र कमी करू नकोस.

तुझा,
दादा

६ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

एकाच गावात राहून रुसवा तिकीट लावून पाठवणारा तूच. आधी हसले, मग रागच आला.

अरे, ही पोरं झोपत नाहीत. बसथांब्यावर, जिन्याखाली, मिळेल तिथे एक डोळा उघडा ठेवून पडतात. आमच्या खोलीतसुद्धा एकाने लवंडायचं तर दुसऱ्याने सामान राखायचं. त्या दिवशी सगळी एकदम झोपली. खोली उघडल्यापासून असं कधी झालं नव्हतं. मी पातेलं हातात घेऊन दारात उभीच राहिले. आणि तुला आईचं मशीन का आठवलं, ते अजून कळलं नाही? ते चालू असेपर्यंत आई जागी आहे हे ठाऊक असायचं, म्हणून आपण झोपायचो. थांबलं की दचकून उठायचो.

दाराशी होती ती पहारेकरीण. आम्ही नाव विचारत नाही, पोरांनीच हे ठेवलंय. एकोणीस-वीसची असेल. एकदा उघड्यावर तिचा डोळा लागला आणि जाग आली तेव्हा पायातले बूट गेलेले. तेव्हापासून ती बूट काढत नाही, झोपत नाही, सगळ्यांचं सामान राखत बसते. आता बेकरीत काम लागलंय. ते टिकलं तर बेकरीच्या वरची खोली राहायला मिळेल. पण भट्टीपुढे उभ्या उभ्या डुलकी लागली आणि हात भाजला. बेकरीवाल्या बाईंनी बजावलंय, पुन्हा डुलकी दिसली तर काम बंद. काल तिने मला विचारलं, त्या आजोबांचा होडीवाला पैलतीरी पोचला का. मी म्हटलं, त्यांनाच विचार.

तेव्हा गुरुवारी गुपचूप ये. आणि हो, पाण्याच्या टाकीसमोरचं निळं फाटक आमचं, कधीही या, असं कवितेआधी सगळ्यांना सांगत सुटला होतास म्हणे. सूनबाईच्या कानावर गेलं तर तूच बाहेर झोपशील.

राग गेला, लोभ होता तेवढाच आहे.

तुझी,
धाकटी

११ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. आ.

काल तू बाजारात गेली होतीस, म्हणून झालेलं माझ्याकडूनच ऐक. या खेपेला हातवारे नाहीत, टाळीची अपेक्षा नाही, संथ लयीत सुरू केलं. पोरं एकेक करून आडवी झाली. होडी मध्यावर आली तेव्हा पहारेकरणीचं डोकं चौकटीला टेकलं आणि डोळे मिटले. धाकटे, मला इतका आनंद झाला की तिच्याकडे बघतच राहिलो, आणि कविता थांबली.

ती ताडकन उठली. हात आधी बुटांकडे गेला. मग माझ्याकडे पाहिलं आणि निघून गेली. तू मशीनचं लिहिलेलं पत्र माझ्या खिशात होतं गं, खिशात!

ती आली का, तेवढं कळव. बाकी मायेचं काय, ती गृहीतच.

तुझा,
दादा

१३ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न.

घाईत लिहितेय, भाजीवाल्याबरोबर पाठवतेय. ती आलेली नाही. बेकरीतही गेली नाही. बाई भल्या आहेत, पण उद्या संध्याकाळच्या पाळीपर्यंतच वाट पाहीन म्हणाल्या. बसथांबा, बाजार, सगळीकडे फिरून आले. तू जिवाला लावून घेऊ नकोस. ती तुला नाही घाबरली, झोपेला घाबरली. जेवण वेळेवर घे, लोभाची काळजी मी घेते.

तुझी,
धाकटी

१४ फेब्रुवारी, सकाळ

चि. धाकटीस,
अ. आ.

काल सूनबाईला सगळं सांगून टाकलं, फाटकाचंसुद्धा. मला वाटलं आता माझी धडगत नाही. ती एवढंच म्हणाली, की बाबा, घर माझंही आहे, आधी विचारायचं असतं. मग बराच वेळ भांडी जरा जास्तच जोरात लावत होती. मी कविता पुटपुटत बसलो, पण होडी काही हलेना. तुझ्या त्या…

थांब, घंटी वाजली. दूधवाला तर येऊन गेला. सूनबाई बघतेय.

धाकटे, सूनबाईने आत येऊन विचारलं, होडीवाले आजोबा म्हणजे तुम्हीच का. दारात पहारेकरीण उभी आहे! डोळे तांबारलेले, हाताला पट्टी. म्हणतेय, मला इथे राहायचं नाही, फक्त तो होडीवाला पैलतीरी पोचला का ते ऐकायचं आणि संध्याकाळी कामावर जायचं. सूनबाई म्हणाली, असल्या गोष्टी उभ्याने ऐकायच्या नसतात. तू आत बस, बुटांपाशी मी बसते, कामाच्या वेळेला उठवतेही मीच. आणि खरंच दाराशी स्टूल टाकून बसली.

पोरगी कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिली. आता वाकलीय. एक नाडी सुटली.

पत्र अर्धंच सोडतो, लोभ पुरा आहे. आता मला थांबून चालायचं नाही.

दादा